उन्हाळी शिबिरातील अध्यापक आणि वर्णनात्मक भाषाशास्त्राची साधने

पदव्युत्तर वर्गात भाषाशास्त्राचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच एका विशिष्ट प्रकारची उदाहरणे पडतात. अपरिचित भाषेतील पंधरा-वीस शब्द, त्यांचे अर्थ आणि खाली प्रश्न : या सामग्रीतील रूपिका वेगळ्या करा, अमुक दोन ध्वनी एकाच स्वनिमाचे आविष्कार आहेत की ते दोन स्वतंत्र स्वनिम आहेत, हे ठरवा. ही उदाहरणे मुळात कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत रचली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. अंकगणितातील हौद कोणत्या गावचा होता याची चौकशी जशी कोणी करीत नाही, तसेच हे. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत ही उदाहरणे तशीच सोडवली आणि पुढे कित्येक वर्षे तशीच शिकवली.

तथापि ही चौकशी केली असता हाती येणारे उत्तर उद्बोधक आहे. केनेथ पाइक यांची ‘फोनेटिक्स’ (१९४३), ‘फोनीमिक्स’ (१९४७) व ‘टोन लँग्वेजेस’ (१९४८) आणि यूजीन नायडा यांचे ‘मॉर्फॉलॉजी’ (१९४६; सुधारित आवृत्ती १९४९) या पुस्तकांनी वर्णनात्मक भाषाशास्त्राच्या अध्यापनाला जगभर वळण लावले. हे दोघेही ग्रंथकार एका ख्रिस्ती उन्हाळी शिबिराच्या अध्यापकवर्गात वर्षानुवर्षे काम करीत होते, आणि या ग्रंथांतील पुष्कळसा भाग त्या शिबिरातील शिकवण्याच्या गरजेतून घडला. त्या अध्यापकांचे काम नेमके काय होते आणि त्याची कोणती खूण आपल्या हातातील साधनांवर राहिली आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. साधनाची घडण ज्या कामासाठी झाली ते काम ध्यानी घेतल्यावाचून त्याचे बळही कळत नाही आणि मर्यादाही कळत नाही.

१. शिबिराचा उगम

धर्मप्रसारासाठी आलेल्या परदेशी माणसाने स्थानिक भाषेचे व्याकरण लिहावे, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, छापले गेले. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले व १८१० साली कोश काढला. या दोन्ही उदाहरणांत भाषा आत्मसात करण्याचा मार्ग एकेकट्या व्यक्तीचा होता. स्टीफन्सना त्यासाठी आयुष्य वेचता आले. केरींना विद्वान पंडिताची जोड मिळाली. शिवाय मराठीला लिपी होती, वाङ्मय होते आणि व्याकरणविचाराची संस्कृत परंपरा हाताशी होती.

विल्यम कॅमरॉन टाउन्सेंड (१८९६–१९८२) यांच्यापुढील अडचण वेगळी होती. कॅलिफोर्नियातील हा तरुण १९१७ साली स्पॅनिश बायबलच्या प्रती विकण्यासाठी ग्वातेमालात गेला, आणि तेथील बहुसंख्य मूलनिवासींना स्पॅनिश समजत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. माया कुळातील काक्चिकेल ही त्यांच्यापैकी एका समाजाची भाषा. तिच्यात एकेका धातूपासून निघणाऱ्या रूपांची संख्या प्रचंड. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत ती रूपे बसेनात. टाउन्सेंड यांनी स्वतःच मार्ग काढीत नव्या कराराचे भाषांतर पुरे केले. ते १९३१ साली छापून निघाले. आपण जे अनेक वर्षे चाचपडत शिकलो, ते दुसऱ्यांना थोडक्या दिवसांत पद्धतशीरपणे शिकवता येईल काय, या प्रश्नातून शिबिराची कल्पना निघाली.

१९३४ सालच्या उन्हाळ्यात टाउन्सेंड व त्यांचे सहकारी लेग्टर्स यांनी अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यात, ओझार्क डोंगराळ भागातील सल्फर स्प्रिंग्ज या गावाजवळ एका शेतघरात शिबिर भरवले. चौदाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणण्याच्या कार्याशी ज्याचे नाव निगडित आहे त्या जॉन विक्लिफच्या स्मरणार्थ त्याला ‘कॅम्प विक्लिफ’ हे नाव देण्यात आले. पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन होते. बसण्यासाठी खुर्च्यांऐवजी खिळ्यांची लाकडी पिंपे होती. या शिबिराचेच पुढे ‘समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स’ या संस्थेत रूपांतर झाले. नावातील ‘उन्हाळी’ हे विशेषण त्या शेतघराची आठवण आहे.

२. अध्यापकांचे काम

शिबिराचा अध्यापकवर्ग प्रथमपासून एका विशेष प्रकारचा होता. विद्यार्थी म्हणून आलेला तरुण एखाददुसऱ्या वर्षात अध्यापक होई. पाइक (१९१२–२०००) १९३५ साली विद्यार्थी म्हणून आले. चीनमध्ये जाण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज त्यापूर्वी नाकारला गेला होता. त्याच वर्षी ते मेक्सिकोत मिश्तेक भाषेच्या अभ्यासासाठी गेले आणि १९३६ च्या उन्हाळ्यात शिबिरात ध्वनिविचार शिकवू लागले. नायडा (१९१४–२०११) १९३६ साली शिबिरात आले. ग्रीक भाषेचा त्यांचा चांगला अभ्यास झालेला होता. पुढे रूपविचाराचे अध्यापन प्रामुख्याने त्यांच्याकडे आले. पाइक यांच्या भगिनी यूनिस पाइकही १९३६ मध्येच या कार्यात आल्या आणि मेक्सिकोतील मासातेक भाषेवर त्यांनी दीर्घकाळ काम केले.

वर्षाचा क्रम साधारणतः असा असे : उन्हाळ्यात शिबिरात अध्यापन आणि उरलेले महिने क्षेत्रात, म्हणजे एखाद्या मूलनिवासी खेड्यात. संस्थेकडून ठरावीक पगार नसे. ज्याने त्याने आपल्या चर्चच्या व स्नेह्यांच्या देणग्यांवर निर्वाह करावयाचा. यामुळे अध्यापकाजवळ दरवर्षी नवी सामग्री असे आणि नव्या अडचणीही असत. क्षेत्रात जी गोष्ट अडली ती उन्हाळ्यात वर्गापुढे ठेवावयाची, वर्गात जी रीत सुचली ती हिवाळ्यात खेड्यात पारखून पाहावयाची, असे हे चक्र होते.

या अध्यापकापुढील विद्यार्थी कोण होता, हेही पाहिले पाहिजे. त्याला भाषाशास्त्रज्ञ व्हावयाचे नव्हते. उन्हाळा संपताच तो अशा खेड्यात जाणार होता, जेथील भाषेला लिपी नाही, कोश नाही, आणि कदाचित दुभाषाही नाही. तेथे चूक दाखवणारे कोणी असणार नव्हते. म्हणून जी रीत शिकवावयाची ती पायरीपायरीची, पडताळून पाहता येईल अशी आणि प्रतिभेवर फारशी अवलंबून नसलेली असणे अगत्याचे होते. ‘फोनीमिक्स’ या ग्रंथाच्या उपशीर्षकातच भाषांना लेखनबद्ध करण्याचे तंत्र हा हेतू सांगितलेला आहे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. हे अध्यापक विद्यापीठीय भाषाशास्त्रापासून फटकून राहिले नाहीत. १९३७ च्या उन्हाळ्यात पाइक मिशिगन विद्यापीठात भरलेल्या भाषाशास्त्राच्या सत्रास गेले. तेथे एडवर्ड सपीर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मिशिगनमध्येच चार्ल्स फ्रीझ यांच्या प्रोत्साहनाने पाइक यांनी १९४२ साली आणि नायडा यांनी १९४३ साली डॉक्टरेट मिळवली. १९४२ मध्ये शिबिराचा उन्हाळी अभ्यासक्रमही ओक्लाहोमा विद्यापीठाच्या आवारात गेला. पुढे हे दोघेही अमेरिकेच्या भाषाशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले. पाइक १९६१ साली, नायडा १९६८ साली.

३. वर्गातून ग्रंथाकडे

शिबिरातील ध्वनिविचाराच्या तासाला मुख्य भर कानावर आणि तोंडावर असे. कोणताही ध्वनी ऐकता व उच्चारता आला पाहिजे, ही पहिली अट. ‘फोनेटिक्स’ मध्ये पाइक यांनी हवेचा प्रवाह कोठून सुरू होतो व कोणत्या दिशेने जातो, यानुसार ध्वनींची जी मांडणी केली तिच्यामागे ही गरज स्पष्ट दिसते. कोणाबद्दल हळहळ व्यक्त करताना आपण ‘च् च्’ असा चुटका उच्चारतो. त्या वेळी फुप्फुसांतील हवा वापरली जात नाही. जीभ दातांमागे टेकवून तोंडातल्या तोंडात हवा आत ओढली जाते. मराठीत हा ध्वनी शब्दाचा घटक नाही. आफ्रिकेतील झुलूसारख्या भाषांत तो व्यंजन म्हणून येतो. म्हणजे विद्यार्थ्याला जो ध्वनी ‘अशक्य’ वाटतो तो पुष्कळदा त्याच्या तोंडात आधीपासूनच असतो. तो भाषेचा ध्वनी म्हणून ओळखावयाचे तेवढे राहिलेले असते.

दुसरे उदाहरण सुरांचे. मिश्तेक आणि मासातेक या भाषांत केवळ सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. नवख्या माणसाला प्रत्येक बोलणाऱ्याची पट्टी निराळी भासते आणि तो गोंधळतो. पाइक यांनी सांगितलेला उपाय साधा आहे : एक वाक्यचौकट कायम ठेवावी, तिच्यातील एकाच जागी एकामागून एक शब्द घालावेत, आणि सुराची निरपेक्ष उंची न मोजता चौकटीतील स्थिर शब्दाच्या तुलनेने तो वर आहे, खाली आहे की समान आहे, एवढेच ऐकावे. प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातही वापरता येईल अशी ही युक्ती आहे.

‘फोनीमिक्स’ मधील पद्धती चार गृहीतांवर उभी आहे. ती मराठीच्या आधाराने सांगता येतील. पहिले, ध्वनी आपल्या शेजारामुळे बदलतात : ‘रंग’ मधील अनुनासिक कंठ्य होते, ‘दंत’ मधील दंत्य, दोन्ही शेजाऱ्यांच्या आज्ञेत आहेत. दुसरे, ध्वनिव्यवस्थांचा कल समतोलाकडे असतो : क-ख-ग-घ ही चौकडी आढळली की त-थ-द-ध या चौकडीची अपेक्षा करावी आणि ती न आढळल्यास आपल्या कानांवर संशय घ्यावा. तिसरे, ध्वनी मर्यादित क्षेत्रात हेलकावे खातात : ‘व’ चा उच्चार एकाच वक्त्याच्या तोंडी कधी ओठांकडे अधिक, कधी दातांकडे अधिक झुकतो आणि अर्थ बदलत नाही. चौथे, भाषेतील नेहमीचे ध्वनिक्रम संदिग्ध जागी निर्णय घडवतात : ‘चाक’ मधील दंततालव्य ‘च’ हा त् आणि स् असे दोन ध्वनी मानावेत की एक? मराठी शब्दाच्या आरंभी स्पर्श व ‘स’ असा जोड सहसा येत नाही; म्हणून तो एक मानणे युक्त. ‘वत्सल’ मध्ये मात्र दोन.

या पद्धतीच्या सरावासाठी पाइक यांनी ‘कालाबा’ नावाची एक कल्पित भाषा रचली. तिच्या अनेक ‘बोली’ त्यांच्या पुस्तकात आहेत. प्रत्येकीत एकच अडचण, तीही नीट कापून घेतलेली. अध्यापनाच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे. पण कालाबा भाषेत आजवर कोणी कोणाला हाक मारलेली नाही, हे विसरू नये.

खेड्यातील अनुभवाचा ठसा सिद्धान्तावरही उमटला. त्या काळी अमेरिकेतील अनेक भाषाशास्त्रज्ञांचा आग्रह असा होता की, स्वनिमांचा निर्णय व्याकरणाचा आधार न घेता केवळ ध्वनींच्या वितरणावरून व्हावा. पाइक यांनी १९४७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात याला विरोध केला : शब्दाच्या सीमा, व्याकरणिक घटक यांचे ज्ञान ध्वनिविश्लेषणाला आवश्यक असते. क्षेत्रात राहणाऱ्याला हे रोज दिसत होते. अभिवादन, बाजारभाव, शिवी आणि क्रियापद यांची ओळख त्याला एकदमच होत असते. अशाच विचारातून पुढे, १९५४ मध्ये, बाहेरच्या निरीक्षकाची दृष्टी आणि त्या समाजाच्या अंतर्गत व्यवस्थेची दृष्टी यांत भेद करणारी ‘एटिक’ व ‘एमिक’ ही जोडी पाइक यांनी घडवली. ती आज मानववंशशास्त्रात इतकी रुळली आहे की तिचा उगम ध्वनिविचारात आहे, हेही अनेकांच्या लक्षात नसते.

४. भाषांतराने उघड केलेले व्याकरण

नायडा यांच्या वर्गातील सामग्रीमागे भाषांतरकाराची निकड होती. एका उदाहरणाने ती स्पष्ट होईल. ज्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून बोलले जाणारे ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलले जाणारे ‘आम्ही’ असा भेद आहे, तिच्यात ग्रीक किंवा इंग्रजी मजकुरातील एकाच सर्वनामासाठी दरवेळी निर्णय घ्यावा लागतो. वादळात सापडलेल्या नावेतील शिष्य येशूला जागे करून आपण बुडत असल्याचे सांगतात, तेव्हा बुडणाऱ्यांत येशूची गणना होते की नाही? ईश्वराकडे क्षमा मागताना ‘आपल्या’ पापांची म्हटले, तर ईश्वरही अपराध्यांत सामील होतो. मराठी भाषकाला हा पेच तत्काळ उमगतो. इंग्रजी भाषकाला तो शिकवावा लागतो. असे पेच एकत्र करून, त्यांची वर्गवारी करून, नायडा यांनी भाषांतराचा विचार शास्त्राच्या पातळीवर नेला. १९६४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भाषांतरविषयक ग्रंथ हे त्याचे फलित होय.

५. दोन आक्षेप

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पायरीपायरीच्या शोधपद्धतीचा पुरस्कार शिबिराबाहेरही होत होता. हे खरे आहे. झेलिग हॅरिस यांचा १९५१ चा पद्धतिविषयक ग्रंथ कोणत्याही धर्मकार्यातून निघालेला नाही. तेव्हा शिबिराने वर्णनात्मक भाषाशास्त्र जन्मास घातले, असा दावा येथे नाही. दावा एवढाच की, हॅरिस यांना जी पद्धती तर्कदृष्ट्या हवी होती, ती शिबिरातील अध्यापकांना व्यवहारासाठी हवी होती. आणि वर्गावर्गांत पोहोचली ती मुख्यतः व्यवहारासाठी घडलेली आवृत्ती. १९५७ साली नोम चॉम्स्की यांनी सिद्धान्ताकडून अशा शोधपद्धतीची अपेक्षाच करू नये, असे प्रतिपादले. सिद्धान्ताच्या क्षेत्रात त्यांचे म्हणणे प्रभावी ठरले; परंतु अज्ञात भाषेसमोर पहिल्या दिवशी वही उघडून बसणाऱ्याला पायऱ्यांची गरज उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साधन शुद्ध असते, हेतू वापरणाऱ्याचा. मग हेतूची चर्चा कशासाठी? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. १९४२ पासून या कार्याच्या दोन संस्था झाल्या : एक देणगीदारांसमोर बायबल भाषांतराचे कार्य मांडणारी, दुसरी सरकारे व विद्यापीठे यांच्याशी भाषाशास्त्रीय करार करणारी. माणसे पुष्कळ अंशी तीच. १९७१ साली बार्बाडोस येथे जमलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी मूलनिवासी समाजांतील मिशनकार्यावर कठोर टीका केली. १९७६ मध्ये नेपाळमधील काम थांबले, १९७९ मध्ये मेक्सिको सरकारने करार संपवला, १९८१ मध्ये इक्वाडोरमध्ये तशीच कारवाई झाली. भाषेचा अभ्यासक म्हणून आलेला माणूस श्रद्धा पालटण्यास आला आहे, हे यजमानाला आधी सांगितले गेले होते काय, हा टीकेचा गाभा होता. दुसऱ्या बाजूस, अनेक भाषांची व्याकरणे, कोश व वाचनपुस्तके केवळ या कार्यकर्त्यांमुळेच उपलब्ध आहेत, हेही नाकारता येत नाही. महाराष्ट्रात व कर्नाटकात बोलल्या जाणाऱ्या लमाणी भाषेचे रोनाल्ड ट्रेल यांनी लिहिलेले व्याकरण १९७० साली याच संस्थेने प्रसिद्ध केले. जगातील भाषांना तीन अक्षरी संकेत देण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची नोंदणी २००७ पासून याच संस्थेकडे आहे.

६. आपली शिबिरे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५० च्या दशकाच्या मध्यास, डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली व रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने, भाषाशास्त्राच्या उन्हाळी व हिवाळी शाळा सुरू झाल्या. त्यांचा हेतू सर्वस्वी विद्यापीठीय होता. परंतु अल्पावधीचे सघन अध्यापन, भाषकासमोर बसून केलेले विश्लेषण आणि सामग्रीवर आधारलेली उदाहरणे, हा घाट ओळखीचा आहे. आपल्या विभागांतून आजही निघणारी क्षेत्रकार्याची शिबिरे त्याच घाटाची आहेत. साधन आपण घेतले. हेतू मागे ठेवला. मात्र त्या हेतूच्या जागी आपण काय ठेवले, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला उशिराच पडला.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मेळघाटातील एका कोरकू वस्तीत विद्यार्थ्यांसह दहा दिवस काम करण्याचा योग आला. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिच्यात द्विवचन आहे, आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेदही आहे. तो भेद एका विद्यार्थिनीच्या कानी दुसऱ्याच दिवशी पडला, याचा आम्हांला मोठा आनंद झाला. शेवटच्या दिवशी, रोज आमच्यासमोर बसणाऱ्या वृद्ध बाईंनी वह्यांकडे बोट दाखवून विचारले : हे आमच्या नातवंडांच्या पुस्तकात येणार का? आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या वह्या परीक्षेसाठी सादर झाल्या, त्यांवर गुण दिले गेले, आणि त्या कपाटात गेल्या. त्यांतील ‘आपण’ मध्ये त्या बाईंचा समावेश नव्हता.

कॅम्प विक्लिफच्या अध्यापकांजवळ या प्रश्नाला उत्तर तयार होते : होय, पुस्तक येईल. कोणते पुस्तक, हे मात्र त्यांनी खेड्यात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरवलेले होते. त्यांच्या या पूर्वनिश्चयावर टीका करण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु ज्याने काहीच परत नेले नाही त्याने ही टीका जपून करावी. त्यानंतर आमच्या वर्गात एक नियम पाळला जातो. क्षेत्रात जाण्यापूर्वी, काय विचारावयाचे याची यादी होते तशीच काय मागे ठेवावयाचे याचीही यादी होते; ती वस्तीतील माणसांना विचारून पुरी केली जाते; आणि ध्वनिमुद्रणांची प्रत व देवनागरीत लिहिलेल्या त्यांच्या गोष्टींची पुस्तिका त्यांच्या हाती पडल्याखेरीज वह्यांना गुण दिले जात नाहीत. कालाबा भाषेची उदाहरणे आम्ही अजूनही सोडवतो. ती सोडवताना, ती कोठे व कोणासाठी रचली गेली, हेही आता सांगितले जाते.